किलिच छतावर असताना

"आधी कुणाकुणाकडे सोलर बसवलंय ते विचार. आणि नुसतं ऐकू नकोस, जाऊन बघ," सायराकान मॉस्कोहून फोनवर सांगत होती. तिथे ती जिने पुसायचं काम करायची. "गोड बोलला म्हणून छतावर चढवू नकोस."

"बघून आले, आई. शिकलेला आहे, प्रमाणपत्र दाखवलंय."

"दिसायला कसा आहे?"

"आई."

"विचारलं बाई नुसतं. अजून काही हवंय?"

"काही नको," बेगिमाय म्हणाली.

त्यांच्या डोंगराळ गावात हिवाळ्यात वीज कधीही जायची. वीज गेली की वडिलांचं, तुर्दुबेकचं, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडायचं. मग बेगिमाय धावत सिलिंडर ओढून आणायची. एके दिवशी आपल्याला उशीर होईल, ही भीती तिच्या मनात कायमची बसली होती. पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी भाच्याने सोलर बसवलं आणि भिंत जळाली. म्हणून तिने शिकलेलाच माणूस हवा असा हट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारचे शेरालीकाका येऊन वडिलांपाशी बसले. ती गाईची धार काढून आली तेव्हा ते निघून गेले होते. मग सोलर बसवणारा किलिच शिडी घेऊन आला.

"सूर्याला घरात कोंडणार का तुम्ही?" असं रोज चिडवणारे वडील आज वेगळंच बोलले.

"मेन स्विच आत्ताच बंद कर. तुझा फोन इथे ठेव. तू बाहेर उभी राहा, लक्ष दे त्याच्यावर."

"आत्तापासून सिलिंडरवर?"

"पुरेल. जा."

अंगणात येऊन तिने छताकडे पाहत विचारलं, "बर्फाचं वजन पेलेल का?"

"तिरकं लावतोय, ताई. घसरून जाईल."

"अर्थिंग?"

"पहिलं तेच केलं. एवढे प्रश्न मला परीक्षेतही नव्हते."

"वीज गेली तर यंत्र थांबेल?"

"डोळा लवायच्या आत बॅटरीवर जाईल."

तिला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात काकांच्या अंगणात ट्रक थांबला. चार माणसं गाडीतून यर्टच्या, गोल तंबूच्या, लाकडी जाळ्या उतरवत होती. हिवाळ्यात तंबू उगाच उभारत नाहीत. घरातलं माणूस गेलं की उभारतात.

ती आत धावली. वडील श्वास घेत होते. डोळे ओले होते.

"बाबा, काय होतंय?"

"काही नाही. झालं का त्याचं?"

सिलिंडरचा काटा तळाला आला होता. तिने दारातून हाक मारली, "किलिचभाऊ, आत्ता चालू करा. आत्ता."

किलिच उतरला, बॅटरीच्या पेटीपाशी गेला. यंत्र घरघरलं. तिने नळी बदलली आणि कॉटच्या कडेला टेकली. आज उशीर झाला नव्हता.

फाटक वाजलं. शेरालीकाका, मागे काकू, त्यांच्यामागे गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या. बेगिमाय दारात आडवी उभी राहिली.

"काका, अजून नाही. बाबा नीट आहेत. ते सामान परत पाठवा."

"माहीत आहे, पोरी."

"मग कशाला आलात सगळे? त्यांना दिसेल ना."

काकूने तिला हळूच आत घेतलं. कॉटकडे कुणी गेलंच नाही. त्यांनी बेगिमायला खाली बसवलं आणि दोघी म्हाताऱ्यांनी दोन्ही बाजूंनी तिचे दंड घट्ट धरले. शेरालीकाका तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

वडिलांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"पहाटे मॉस्कोहून फोन आला. तुझ्या आईबद्दल," ते म्हणाले. "तुला एकटीला कळू द्यायचं नव्हतं."

यंत्र घरघरत राहिलं. मग आई मॉस्कोला गेल्यापासूनच्या सहा वर्षांत एकदाही न म्हटलेलं बेगिमायने मोठ्याने म्हटलं.

"आई, घरी ये."