मागे ठेवलेलं अंडं

लीलाताई खुराड्यातली सगळी अंडी कधीच उचलत नसत. "एक तरी मागे ठेवावं लागतं," त्या म्हणायच्या, "नाहीतर कोंबडी दुसरीकडे जाऊन बसते."

त्यांचा थोरला मुलगा नील अमेरिकेला गेला तो गेलाच. आता धाकट्या मयंकलाही तिथेच कॉम्प्युटरची नोकरी लागली होती. विमान सोमवारचं, आणि पासपोर्ट सापडेना. प्रतापनगरचं राहतं घर त्यानं दोनदा उपसलं.

रविवारी लीलाताई मांडवीला देवीकडे नवस बोलायला गेल्या, म्हणून अंडी काढायला त्यांचे यजमान विश्वासराव परसात गेले. मागे ठेवायचं अंडं पेंढ्यावर नीट बसेना. त्यांनी पेंढा सारला, तर खाली मयंकचा पासपोर्ट.

"बाबा, कुठे दिसला का हो?" मयंकनं दारातून विचारलं.



"नाही रे," म्हणत विश्वासरावांनी पेंढा सारखा केला आणि अंडं अलगद त्यावर ठेवलं.