गल्ली मोकळी

साक्षीने उजव्या काठाची गल्ली मोकळी ठेवली होती आणि लांबडी काही येत नव्हती.

प्रेक्षकांच्या दोरीमागे उभा असलेला धम्मपाल संगणकाच्या पडद्यावर डोळे लावून होता. वरून तुकडे पडत होते आणि त्याची बहीण ते फिरवून, सरकवून बसवत होती. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. पण चार ओळी एकदम उडवायच्या तर काठाशी गल्लीसारखी उभी फट राखावी लागते आणि चार घरांचा तो लांब दांडा, म्हणजे त्यांच्या घरातली लांबडी, तिच्यात अलगद सोडावा लागतो. मग तेवढ्याच ओळींचा कचरा खालून समोरच्याच्या ढिगात शिरतो आणि ढीग वर ढकलतो. हे सगळं त्यानेच तिला शिकवलं होतं. अंबडच्या कारखान्यातली पाळी संपवून आला की चहा घेऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहायचा आणि दळणाच्या चालीवर म्हणायचा,

पाया सपाट बाई, गल्ली मोकळी
लांबडी आली की चार ओळी.

याच हॉलमध्ये, उपांत्य सामन्यात, याच ओवीच्या भरवशावर ती दोन वर्षं हरली होती. आणि दोन्ही वेळा बाहेर येऊन चूक तिने आपल्याच पदरात घेतली होती. धम्मपालला ते सलत होतं. आज हरले तर खेळ सोडेन, असं तिने सकाळी आईला सांगितलं होतं; त्याला ते आईकडूनच कळलं.

शेजारी कळवणच्या विमलाबाई उभ्या होत्या. समोर बसून साक्षीशी खेळणारा रुद्र त्यांचा नातू. त्याचा ढीग चढताना पाहून म्हातारी हरखली होती. सुगीला गंजी रचताना पाहावं तशी मान उंच उंच करून बघत होती.

"आमचा लय वर गेला बघा," त्या कुजबुजल्या.

ढीग माथ्याला टेकला की खेळ संपतो, हे त्यांना सांगायला धम्मपालची जीभ रेटेना. तो नुसता हं म्हणाला.

तेवढ्यात रुद्रने एक तुकडा फटीत शिताफीने फिरवला, दोन ओळी उडवल्या, आणि साक्षीच्या ढिगाशेजारची लाल पट्टी चढली. असा फिरवून घुसवलेल्या तुकड्याचा कचरा दुप्पट; चार ओळी येऊ घातल्या होत्या. धम्मपालने मनातल्या मनात हिशेब केला. तुकडे सातासातांच्या फेरीने येतात, प्रत्येक आकार एकदाच. या फेरीतली लांबडी पहिलीच येऊन गेली होती. पुढचे पाच तुकडे कडेला दिसत होते, त्यांतही ती नव्हती. तिची वाट पाहत बसलं तर कचरा खालून येणार, ढीग छताला लागणार. गेल्या वर्षी झालं तेच.

सोड ती गल्ली. एवढंच म्हणायचं होतं. पण दोरीमागून शब्द गेला तर खेळाडू बाद, हा नियम. त्याने ओठ आत ओढून घेतले. साक्षीचे ओठ मात्र हलत होते. ती काय पुटपुटते आहे हे त्याला ऐकू न येताही कळलं. आपलंच गाणं त्याला आजवर कधी एवढं नकोसं झालं नव्हतं.

वरून गुण्या आला. एल आकाराचा तुकडा, काटकोन तपासायच्या हत्यारासारखा. फिटर माणसाच्या घरात त्याला दुसरं कोणतं नाव मिळणार. हा डाव्या बाजूला निजवायचा, असं शिकवलेलं. साक्षीने तो डावीकडे नेलाही. मग तिचे ओठ थांबले. तिने तो उभा केला, सरळ उजवीकडे आणला आणि त्याचा पाय गल्लीत घातला.

दोन ओळी गेल्या. उरलेली गल्ली झाकली गेली. कचरा आला, पण थोडा कमी, आणि ढीग वाचला. त्या कचऱ्यात डावीकडून तिसरं घर रिकामं होतं. साक्षी तिथून खाली उतरू लागली, विहिरीत पायरी पायरी उतरावं तशी. चौकट, नागमोडी, उलटा गुण्या. प्रत्येक तुकड्याला एकेक ओळ निघत होती आणि लागोपाठ निघणाऱ्या ओळींचा कचरा रुद्रकडे जात होता. रुद्रची गल्ली अजून उघडी होती. तो लांबडीसाठी थांबला होता.

धम्मपालने श्वास सोडला तो जणू तीन वर्षांचा. ती त्याचं ऐकत नव्हती. देवाधर्मापुढे कधी जोडले नव्हते ते त्याचे हात नकळत एकमेकांत गुंफले गेले.

रुद्रचा ढीग माथ्याला टेकला. पडदा राखाडी झाला आणि शांत हॉलमध्ये विमलाबाईंनी एकटीने टाळ्या वाजवल्या. सगळे वळून पाहू लागले. रुद्रने हसून तोंड हातांत लपवलं. धम्मपालने वाकून त्यांना खरं काय ते सांगितलं.

"म्हंजे हरला व्हय? मंग मघाशीच का नाय सांगितलं?"

"चुकलं, आजी."

"असू द्या. जेवला नाय सकाळपासून, आता तरी जेवल." त्यांनी साक्षीकडे बोट केलं. "तुम्हीच शिकिवलं वाटतं तिला?"

"हे नाही शिकवलं," धम्मपाल म्हणाला. हे सांगताना त्याची छाती फुगली होती.

साक्षी दोरीखालून आली ती भांडायच्या तयारीत. गल्ली मी मुद्दाम बुजवली, आता चिडू नकोस, असं काहीबाही एका दमात बोलून मोकळी झाली. त्याने तेलाने काळवंडलेला आपला तळहात तिच्यापुढे पसरला.

"कसं केलंस ते यावर काढून दाखव. आणि हळू सांग," तो म्हणाला, "मला एकदम समजत नाही."

साक्षीने त्याचं बोट धरून हात सरळ केला आणि नखाने पहिली रेघ ओढली.