उणे ड्युटी

“म्हणजे महिनाभर मी होते कुठे, तेवढं तरी सांगा.” सिस्टरने नोटीस टेबलावर अशी आपटली की पेनांचा डबा आडवा झाला.

हजेरीचा कारकून शांतपणे पेनं गोळा करू लागला. अख्खं रुग्णालय त्याला मिनिटराव म्हणायचं आणि त्याला ते आवडायचं. “कुठे होता ते तुम्हाला ठाऊक. शीटवर शून्य तास आहेत. शून्य म्हणजे गैरहजर.”

शेजारी नव्या मेट्रनबाई बसल्या होत्या. त्या दिवसपाळीच्या, सिस्टरला पहिल्यांदाच बघत होत्या. कामावरून कमी करायच्या कागदावर त्यांची सही तेवढी बाकी होती.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. प्रसूती विभागात तिची कायमची रात्रपाळी. त्यातच केस पिकले होते. बाकीच्या जणींची रात्रपाळी आलटून पालटून असे. संगणकावर हजेरीचं नवं शीट आल्यापासून त्यांच्या नावापुढे चार-दोन शून्यं पडली, रजा कापल्या गेल्या. त्या कुरकुरल्या आणि गप्प बसल्या. हिचा मात्र महिनाच पुसला गेला होता.

“रात्री आठला कार्ड लावून आत येते, सकाळी आठला लावून जाते. दिसत नाही का तुमच्या शीटला?”

“दिसतं ना. म्हणून तर.” मिनिटराव खुलला. शीटमध्ये तास आपोआप मोजणारा मॅक्रो त्याने स्वतः लिहिला होता, पण समजून घ्यायला आजवर कोणी आलं नव्हतं. “शीटमध्ये वेळ म्हणजे दिवसाचा हिस्सा असतो, सिस्टर. सकाळचे आठ म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा. रात्रीचे आठ म्हणजे पाऊण दिवसाच्याही पुढे. जायच्या वेळेतून यायची वेळ वजा केली की तुमचं उत्तर येतं उणे. आता उणे ड्युटी काही कोणी करत नाही. तेव्हा मॅक्रो ती लबाडी धरतो आणि शून्य लावतो.”

“अहो, मधे रात्र उलटते. तारीख बदलते.”

“पाळीला तारीख एकच. यायच्या आधी माणूस जाईल कसा, एवढं सांगा, की मी शून्य काढतो.”

“जात नाही तो. दुसऱ्या दिवशी जातो. खांद्यावर डोकं आहे की नुसता खोका?”

“आवाज खाली,” मेट्रनबाई म्हणाल्या. “मशीनचं तुमच्याशी काय वाकडं आहे?”

देवा, माझ्या जिभेला आवर घाल, असं मनात म्हणत सिस्टरने ओठ घट्ट मिटले.  

मेट्रनबाईंनी पेन उचललं आणि मग त्या थबकल्या. “एक रात्र सांगा. तुम्ही कामावर होता याला कोणी साक्षीदार असेल अशी. बघू तरी.”

सिस्टर मिनिटरावकडे बघत राहिली. ती गोष्ट काढायची नाही, असं ठरवूनच ती आली होती. कामाचे उपकार बोलून दाखवणं तिला ओंगळ वाटायचं. पण आता पाणी गळ्याशी आलं होतं.

“अकरा तारीख,” ती म्हणाली.

मिनिटरावची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

“टाका की,” मेट्रनबाई म्हणाल्या. “ऐकू आलं नाही का?”

त्याने तारीख टाकली. लाल शून्य उमटलं. मेट्रनबाईंनी चष्मा सावरून मोठ्याने वाचलं, “प्रसूती विभाग, रात्रपाळी, गैरहजर.”

सिस्टरचा आवाज एकदम खाली आला. “मग भाऊ, तुम्हीच सांगा यांना. त्या पहाटे मास्क लावून दाराशी आली आणि तुमची लेक तुमच्या ओंजळीत ठेवून गेली, ती बाई कोण होती?”