भरपगारी सुट्टी

वीज दिवसभर बंद राहणार म्हणून शिवणखात्याला भरपगारी सुट्टी दिली होती. अंधारात कात्र्या, सुया, त्यात पंखे बंद. कुणाला काही झालं तर नसता ताप, असा सुरक्षा अधिकाऱ्यांचा विचार. सकाळी ते कुलूप तपासायला आले, तर सगळ्या बायका मागच्या पडवीत डबे घेऊन, पाय पसरून बसलेल्या.

“अहो मावशी, आज सुट्टी आहे हे माहीत नव्हतं का?”

“माहीत होतं की, साहेब. घरी सांगितलं नाही, एवढंच,” कॉलर शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या. “सांगितलं असतं, तर सासूबाईंनी माळा आवरायला काढला असता.”

“ते काही नाही. इथे कुणी पडलं-झडलं तर माझ्या गळ्याशी येईल. उठा, घरी जा बघू.”

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. सासूबाईच होत्या, आणि त्यांचा खणखणीत आवाज पडवीभर ऐकू आला. “अगं, आज मशीनचा आवाज कसा नाही? सुट्टी आहे की काय?”

मावशींचा चेहरा उतरला. फोनवर हात ठेवून त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. कुणीतरी तोंडानेच ‘घर्रर्र’ सुरू केलं, आणि बघता बघता पडवीत अख्खं खातं चालू झालं.

“जरा मोठ्याने बोला हो आई, या मशीनपुढे काही ऐकू येत नाही!”

 

त्या आवाजांत एक आवाज पुरुषाचा होता.