आंबट पाणी

सहाही ग्लासांतलं पाणी तसंच गढूळ राहिलं होतं, आणि त्र्यंबकरावांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चेहरा मात्र त्यांनी दुखवट्याला आल्यासारखा ठेवला होता.

टेबलापलीकडे निर्मला उभी होती. कुरवंड्याच्या त्या मोठ्या रिसॉर्टमध्ये सांडपाणी साफ करायचा प्लांट होता. चार वर्षांपूर्वी ती तिथे झाडू मारायला आली होती, आणि आज त्याच प्लांटची इनचार्ज होण्यासाठी परीक्षा देत होती. पुण्याहून आलेले दोन इंजिनिअर खुर्च्यांत बसले होते. मॅनेजर मुकुलसाहेब दाराशी उभे होते.

परीक्षा रोजच्या कामाचीच होती. रिसॉर्टच्या लाँड्रीतून आलेलं पाणी सहा ग्लासांत भरायचं, प्रत्येकात तुरटीचं पाणी चढत्या मापाने टाकायचं, ढवळायचं आणि वाट बघायची. तुरटीचं माप जमलं की घाण नासलेल्या दुधासारखी फुटून तळाला बसते आणि वर नितळ पाणी राहतं. त्या ग्लासाचं माप मग मोठ्या टाकीला लावायचं. आज एकही ग्लास निवळला नव्हता.

हे सगळं तिला शिकवलं कुणी? त्र्यंबकरावांनीच. बी.एस्सी. झालेला माणूस, बावीस वर्षं केमिस्ट, रोज तळेगावहून ये-जा. बारावीला सायन्स घेतलेली ही बाई झाडू हातात धरून बघत उभी राहायची, म्हणून त्यांनी कौतुकाने चार गोष्टी सांगितल्या. पीएच म्हणजे काय, आम्ल काय, चुना कशाला. तेव्हा त्यांना बरं वाटायचं. पुढे ही बया ग्लास नुसता उजेडात धरून सांगायला लागली, "सर, आज तीन नंबर." आणि तीन नंबरच निघायचा. मुकुलसाहेब येता-जाता "निर्मलाला विचारा" म्हणू लागले, तेव्हापासून त्र्यंबकरावांना डबा गोड लागेना. तिच्या झाडूचा खराखरा आवाजसुद्धा त्यांच्या डोक्यात जायचा. सरळ सांगायचं तर ते जळत होते, आणि जळतोय हे कळत असल्यामुळे आणखीच जळत होते.

गेल्या आठवड्यात साहेब म्हणाले होते, "जमलं तर निर्मलालाच इनचार्ज करू. नाहीतर त्र्यंबकराव आहेतच." ते 'नाहीतर' त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं.

परीक्षेचं पाणी भरून ठेवणं हे केमिस्टचं काम. सकाळी त्यांनी लाँड्रीच्या पाण्याचा कॅन भरला, दार लोटून घेतलं आणि त्यात बेताबेताने आम्ल घातलं. पाणी इतकं आंबट झालं की तुरटीची मात्रा चालणारच नाही, उलट जितकी टाकाल तितकं पाणी अजून आंबट. हे कुणाच्या लक्षात येणार नव्हतं, कारण लाँड्रीच्या पाण्याचा पीएच कुणी बघतच नसे. साबणाचं पाणी, ते कशाला आंबट असेल?

"अजून वेळ हवाय का?" एका इंजिनिअरने घड्याळ बघत विचारलं.

"राहू दे निर्मला, होतं असं कधी कधी," त्र्यंबकराव मायेने म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना फार गोड वाटला.

निर्मलाने ऐकलं न ऐकलंसं केलं. ती खाली वाकून सहावा ग्लास बघत राहिली. मग तिने कपाटातून पीएचचा कागद काढला आणि कॅनमध्ये बुडवला. कागद लाल झाला. ती त्या कागदाकडे बघत राहिली, मग क्षणभर त्र्यंबकरावांकडे. त्यांनी नजर खिडकीबाहेर नेली.

तिने नवा ग्लास भरला. त्यात आंबटपणा मारायला चुन्याची निवळी थोडी थोडी टाकली, दर वेळी कागद बुडवून पाहिला, आणि मगच तुरटीला हात लावला. एक मिनिट जोरात ढवळलं, मग हळूहळू. दोघे इंजिनिअर खुर्च्या पुढे ओढून बघू लागले. हळूहळू पाण्यात कण्या धरू लागल्या, जड होऊन तळाला बसू लागल्या. पंधरा मिनिटांनी इंजिनिअरने ग्लासामागे आपलं ओळखपत्र धरलं आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं.

मुकुलसाहेबांनी तिथल्या तिथे तिचं नाव पक्कं केलं आणि पाहुण्यांना घेऊन ते व्हरांड्यात चहाला गेले. त्र्यंबकराव उगाचच ग्लास विसळत बसले. पाठीमागे निर्मला येऊन उभी राहिली.

"साबनाचं पानी आपसूक आंबट हुत न्हाई, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "कुनीतरी मुद्दाम केलंय."

त्र्यंबकरावांनी नळ बंद केला. व्हरांड्यातून साहेबांचं हसणं ऐकू येत होतं. तिने एक हाक मारली असती तर बावीस वर्षांची नोकरी आणि अब्रू दोन्ही गेल्या असत्या.

"तुमीच केलं न्हवं?"

खोटं बोलायला त्यांनी तोंड उघडलं. पण मान आपोआप होकारार्थी हलली.

निर्मलाने पदर सावरला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ते दचकून मागे सरले. ती उठली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"बाकी समद्यांनी मला झाडूवाली समजून परीक्षेला सोपंच पानी दिलं असतं, सर. तुमी एकट्यानंच मला केमिस्ट धरलं."