दोन बरण्या

हेडक्लार्कची शुगर वाढल्यापासून त्याची बायको रविवारीच आठवड्याचा नाश्ता तयार करून फ्रिजमध्ये मांडून ठेवायची. काचेच्या बरणीत तळाला दही, त्यावर ओट्स, त्यावर फळं आणि पुन्हा दही. रोज एक बरणी त्याला, एक तिला. हेडक्लार्क आपली बरणी ऑफिसच्या लिफ्टमनच्या हवाली करायचा आणि थेट कॅन्टीनच्या तळणीपुढे जाऊन उभा राहायचा. संध्याकाळी रिकामी बरणी घेताना मात्र न चुकता विचारायचा, "आज कसं होतं रे?" लिफ्टमन जे सांगेल ते घरी शब्दशः पोचायचं. मन खायचं, नाही असं नाही. पण ऐकताना बायकोचा चेहरा असा काही खुलायचा की खरं सांगायचं राहूनच जायचं.

काल लिफ्टमन म्हणाला, "झकास, साहेब! पण एका बरणीने काय होतंय?" सवयीने तेही घरी पोचलं.

आज सकाळी पिशवीत दोन बरण्या निघाल्या.

"अगं, ही तर तुझी!"

"असू दे हो, मी चहावर भागवीन," बायको पिशवीची चेन लावत म्हणाली. "तीस वर्षं माझ्या हातच्या खाण्याला नावं ठेवलीत. पहिल्यांदाच काहीतरी मागून घेतलंत."