खिडकीवरच्या गोधड्या

सोनाबाईंनी खिडकीवर तिसरी गोधडी ठोकली. बाहेर टळटळीत दुपार होती आणि आत त्यांच्या सुनेला, सुरभीला, पुढ्यातलं ताट दिसत नव्हतं.

"आई, घरातला उजेड चालेल म्हणाल्यात डॉक्टरीणबाई. ऊन तेवढं नको."

"त्या मुंबईच्या. आपल्या भिवपुरीचं ऊन त्यांना काय म्हाईत?" म्हणत सोनाबाईंनी आणखी एक खिळा मारला.

कर्जतच्या तपासणी शिबिरात सुरभीच्या गर्भाशयाच्या तोंडाशी बिघडलेल्या पेशी सापडल्या होत्या. कॅन्सर नव्हे, पण तशाच सोडल्या तर पुढे होऊ शकेल अशा. सोनाबाईंनी उभ्या उभ्या निकाल दिला, पिशवी काढून टाका. गावातल्या कितीतरी बायकांनी काढली होती. त्यांनी स्वतः ऐन तिशीत काढली होती आणि पुढे जन्मभर भातलावणी केली होती. यात रडायचं काय, हे त्यांना कळेना. सुरभी मात्र रडरड रडली. तिला अजून मूल व्हायचं होतं.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी दुसरा मार्ग काढला. शिरेतून औषध द्यायचं. ते बिघडलेल्या पेशींत जाऊन बसतं. मग तिथे लाल उजेड पाडायचा, की त्या पेशी मरतात. कापाकापी नाही, पिशवी जागच्या जागी. फक्त औषध अंगात मुरलेलं असतं, म्हणून महिनाभर उन्हात जायचं नाही, नाहीतर कातडी भाजून निघते.

"बॅटरी मारून रोग जातो का रं?" सोनाबाईंनी लेकाला विचारलं. ऋषिकेश रसायनीच्या कारखान्यात मशीन चालवायचा. तो म्हणाला, बघू तरी. आणि बायकोला घेऊन गेला.

आता सुरभी परत आली होती आणि खोलीत अंधार गुडुप्प. इकडे भरदिवसा खिडकी झाकतात ती एकाच कारणासाठी, घरात बाळंतीण असली तर. दोन दिवसांत शेजारची वनिता डिंकाचे लाडू घेऊन दारात हजर. पोट काही तिला दिसलं नव्हतं, पण हल्लीच्या मुली सैल कपडे घालतात, असा तिने आपल्यापुरता उलगडा केला होता. पाळणा कुठाय म्हणून ती इकडेतिकडे बघायलाही लागली. आत सुरभीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सासू सगळं गावभर करणार, या धास्तीने तिने कानच झाकून घेतले.

सोनाबाईंनी डबा घेतला. वनिताला चहा पाजला. हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. वनिता गेल्यावर आत येऊन त्यांनी सुनेच्या हातावर लाडू ठेवला. खा म्हणाल्या, वाया कशाला घालवायचे.

महिना सरला. सुरभी उन्हात हिंडायफिरायला लागली, पण गोधड्यांना हात लावायची सोय नव्हती. रिपोर्ट येऊ दे, एवढंच सोनाबाईंचं म्हणणं. म्हणजे सासूचा त्या उजेडावर विश्वासच नाही, शेवटी पिशवी काढायला लागणार असंच ती धरून चाललीय, असं सुरभीला वाटायचं आणि जीव तुटायचा. त्या गोधड्या बघितल्या की तिचं डोकं फिरायचं.

रिपोर्ट आला. खराब पेशी गेल्या होत्या. तपासणीला येत राहा, आणि मुलाचा विचार करायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी हसत सांगितलं.

सुरभी घरी आली तेव्हा सोनाबाई तांदूळ पाखडत होत्या. सगळं ऐकून त्यांचा सूप धरलेला हात थांबला.

"पिशवी हाय ना गं जागेवर?"

"हाय, आई."

सोनाबाईंनी पदराने डोळे पुसले. कोंडा गेला म्हणाल्या. सुरभीला आनंदाने काय करू नि काय नको झालं. ती तडक आत गेली, स्टुलावर चढली आणि तिने गोधडीचा पहिला खिळा उपटायला घेतला.

"उतर खाली," मागून सोनाबाई म्हणाल्या. "राहू दे तशाच. तुझ्या बाळंतपणाला मला त्या पुन्हा ठोकायच्या नाय."